उंच केलेल्या जिप्सीचा शाफ्ट आणि कोनांचा हिशेब

नागपूरहून अमरावतीकडे जाताना कोंढाळीच्या पुढे आमच्या संत्र्याच्या बागेला लागून एक नाला आहे. पावसाळा सरला की त्याच्या काठाची काळी माती भेगाळते आणि पात्रातले गोटे उघडे पडतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीनंतरच्या एका सकाळी तो नाला ओलांडून वर चढताना माझ्या चारही चाकांवर चालणाऱ्या मारुती जिप्सीचा मागचा भाग उसळला, दोन्ही चाके क्षणभर अधांतरी फिरली, पुन्हा दगडावर टेकली, आणि त्याच क्षणी गाडीखाली घण बसावा तसा आवाज झाला. गाडी मागे घसरू लागली. पुढची चाके नुसती माती उकरत राहिली. खाली वाकून पाहिले तर मागचा प्रॉपेलर शाफ्ट (इंजिनाची फिरकी मागच्या एक्सलपर्यंत नेणारी नळी) ट्रान्स्फर केसच्या, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणाऱ्या पेटीच्या, टोकाकडून सुटून जमिनीवर पडला होता आणि योकचा, म्हणजे शाफ्टच्या टोकावरच्या दुबेळक्याचा, एक कान मुळापासून उडाला होता.

शाफ्टचे दुसरे टोक पिनियनच्या (मागच्या एक्सलमधल्या छोट्या दातेरी चाकाच्या दांड्याच्या) फ्लँजवरून, म्हणजे बोल्टच्या चकतीवरून, सोडवले, सगळे सामान मागे टाकले आणि केवळ पुढच्या चाकांच्या जोरावर बाजारगाव, वाडी करत घरी आलो. त्या पन्नास किलोमीटरांत एक गोष्ट लक्षात आली आणि ती मला अस्वस्थ करून गेली. सहा महिन्यांपासून साठ-सत्तरच्या वेगाला जी थरथर सीटखाली जाणवत होती, ती त्या दिवशी नव्हती. ती थरथर टायरची आहे असे मला सांगण्यात आले होते आणि मी चाकांचे बॅलन्सिंग दोनदा करून घेतले होते.

मागची हकीकत थोडक्यात सांगतो. पाटबंधारे खात्यात नोकरी करताना जिप्सी मी वर्षानुवर्षे कालव्यांच्या कडेने चालवली होती, त्यामुळे निवृत्तीनंतर बागेसाठी गाडी घेताना दुसरा विचार केला नाही. नाल्यातल्या दगडांना डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, दातेरी चाके असलेला फुगवटा) घासू नये म्हणून एका गॅरेजमध्ये ती उंच करून घेतली. जिप्सीच्या चारही चाकांना पाट्यांचे स्प्रिंग असतात आणि मूळ रचनेत पाटा एक्सलच्या खालून जातो. त्या गॅरेजने हौसिंगवर, म्हणजे एक्सलच्या बाहेरच्या कवचावर, नवी बैठक वेल्ड करून पाटा एक्सलच्या वर आणला. गाडी सुमारे पाच इंच उंच झाली, २३५/७५ आर १५ चे टायर बसले, दिसायलाही दणकट झाली. त्यानंतरच्या सहा महिन्यांत मागच्या शाफ्टचे तीन क्रॉस (दोन योकना जोडणारे अधिक-चिन्हासारखे सांधे) गेले. दर वेळी मी क्रॉस बदलला आणि दर वेळी दोष क्रॉसच्या दर्जाला दिला. चौथ्या खेपेला योकच तुटला.

तुटलेला शाफ्ट घेऊन मी वाडीला ट्रकचे शाफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराकडे गेलो. माझे म्हणणे सरळ होते: याहून जाड नळीचा, मोठ्या क्रॉसचा शाफ्ट बनवून द्या. त्यांनी शाफ्ट बाकावर ठेवला, तुटलेला कान उजेडात धरला आणि मला जवळ बोलावले. तुटीचा निम्म्याहून अधिक भाग काळपट, गुळगुळीत होता, त्यावर शिंपल्यावर असतात तशा बारीक ओळी होत्या. उरलेला भाग साखरेच्या दाण्यांसारखा चकाकत होता. काळा भाग म्हणजे महिनोन्महिने हळूहळू वाढत गेलेली भेग, चकाकणारा भाग म्हणजे नाल्यात एका झटक्यात तुटलेले लोखंड. मग त्यांनी दोन्ही योकच्या कानांच्या आतल्या बाजू दाखवल्या. तिथे नखाएवढे दोन खळगे होते, घासून आरशासारखे झालेले.

"साहेब, हे दोन कान एकमेकांवर आपटून राहिले न. शाफ्ट जाड करून काय होईल? मग तुमच्या ट्रान्स्फर केसचा दांडा तुटंल, नाही तर पिनियन. गाडी किती तिरपी केली ते मोजलं का कोणी?"

कोणीही मोजले नव्हते. आयुष्यभर लेव्हल लावून कालव्याचे उतार तपासलेल्या माझ्यासारख्या माणसाने स्वतःच्या गाडीखालचा एकही कोन मोजलेला नव्हता, याची मला त्या दुकानात मनापासून लाज वाटली. जाड शाफ्टचा विचार मी तिथेच सोडला. त्यांचे म्हणणे हिशेबालाही उतरत होते. माझ्या गाडीचे इंजिन १०३ न्यूटन-मीटर टॉर्क देते, पहिल्या गिअरचे गुणोत्तर ३.६५ आणि ट्रान्स्फर केसच्या लो रेंजचे (वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जोडीचे) २.२७, म्हणजे घर्षणातली घट सोडली तर शाफ्टवर साडेआठशे न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ येतो, आणि अधांतरी फिरणारे चाक अचानक दगडाला पकडते तेव्हा त्याहून कितीतरी अधिक. एवढा पीळ कुठेतरी निघणारच. शाफ्ट हा या साखळीतला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत लवकर बदलता येणारा भाग आहे, तेव्हा सर्वांत आधी तोच तुटावा हे एका अर्थी बरेच आहे.

मोजमाप घराच्या अंगणात केले. चारही टायरमध्ये सारखी हवा भरली, टाकी निम्मी ठेवली आणि गाडी सपाट फरशीवर स्वतःच्या वजनावर उभी केली. चेसिसला जॅक लावून, चाके लोंबकळत ठेवून घेतलेले माप निरुपयोगी असते, कारण त्या वेळी पाटे मोकळे झालेले असतात. चुंबकाने चिकटणारे डिजिटल कोनमापक बाजारात मिळते, मी तेच वापरले. पण खात्रीसाठी लाकडी कोनमापकाला ओळंबा बांधून तेच आकडे पुन्हा पडताळले. माझ्या गाडीत तुटका शाफ्ट तात्पुरता वेल्ड करून केवळ मापासाठी जागेवर टांगला होता. तीन मापे घेतली: ट्रान्स्फर केसच्या मागच्या फ्लँजचा कल, शाफ्टच्या नळीचा कल आणि पिनियनच्या फ्लँजचा कल. फ्लँजचा चेहरा उभा असल्यामुळे त्याचा लंबापासूनचा कल म्हणजेच त्या दांड्याचा आडव्यापासूनचा कल होय.

आकडे असे आले. ट्रान्स्फर केसचा दांडा मागे १ अंश उतरता. शाफ्ट १७ अंश उतरता. पिनियनचे नाक ७ अंश वर उचललेले. म्हणजे पुढच्या क्रॉसवर १६ अंश आणि मागच्या क्रॉसवर १० अंश. गॅरेजने बैठक वेल्ड करताना पिनियनचे नाक "थोडे शाफ्टकडे" वळवले होते, त्यामागचा हेतू चांगला असेल. पण त्या निम्म्या वळणानेच सगळा घोळ केला होता.

हे का, ते इथे जरा सविस्तर लिहितो. क्रॉसचा सांधा कोनात फिरतो तेव्हा पलीकडचा दांडा एकसारख्या वेगाने फिरत नाही. एका फेऱ्यात तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. सतराव्या शतकात रॉबर्ट हूकने या सांध्याचा अभ्यास केला, म्हणून त्याला आजही हूक जॉइंट म्हणतात. १० अंशांवर हा चढउतार दीड टक्क्याचा असतो, १६ अंशांवर चार टक्क्यांचा, २० अंशांवर सहा टक्क्यांचा आणि ३० अंशांवर पंधरा टक्क्यांच्या घरात जातो. कोन दुप्पट झाला की त्रास चौपट होतो. शाफ्टला दोन टोकांना दोन क्रॉस असतात ते यासाठीच. पुढच्या क्रॉसने केलेली धावपळ मागचा क्रॉस उलटी करून पुसून टाकतो, पण त्याच्या दोन अटी आहेत. दोन्ही सांध्यांचे कोन सारखे असले पाहिजेत, आणि शाफ्टच्या दोन टोकांचे योक एकाच पातळीत असले पाहिजेत. कोन सारखे ठेवण्याचा सोपा मार्ग म्हणजे ट्रान्स्फर केसचा दांडा आणि पिनियन एकमेकांना समांतर ठेवणे.

माझ्याकडे १६ आणि १० होते. दोन्हींच्या वर्गांची वजाबाकी करून वर्गमूळ काढले की साडेबारा येतात. याचा अर्थ असा की दोन क्रॉस असूनही पिनियनला मिळणारी फिरकी जणू साडेबारा अंशांवरच्या एकट्या क्रॉसमधून येत होती. सत्तरच्या वेगाला माझा शाफ्ट सेकंदाला जवळपास ३५ फेरे घेतो, म्हणजे पिनियन आणि त्याला जुळलेल्या मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राउन व्हीलच्या, दात्यांवर सेकंदाला ७० ठोके. सीटखालची थरथर ती हीच होती.

दुसरी अटही पाळली गेली नव्हती, हे खडूने कळले. नळीवर एका योकच्या कानापासून दुसऱ्या योकच्या कानापर्यंत सरळ रेघ ओढली, तर ती दुसऱ्या कानाच्या बाजूला जाऊन पडली. कुठल्या तरी दुरुस्तीत स्लिप जॉइंट (शाफ्टची लांबी कमी-जास्त होऊ देणारा सरकता सांधा) बाहेर काढून परत घालताना तो एका दात्याने चुकला होता. सोळा दात्यांच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे त्या सांध्याच्या खाचांमध्ये, एक दाता म्हणजे साडेबावीस अंश. शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर ठळक खूण करणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे, आणि ते प्रत्येक कारागिराने केलेच पाहिजे असे माझे ठाम मत आहे.

आता उपाय काय करायचा? परदेशात उंच गाड्यांना पुढच्या टोकाला जोड-क्रॉस, म्हणजे दोन क्रॉस आणि मध्ये केंद्रगोळी असलेला सांधा लावतात. तो स्वतःची धावपळ स्वतःच पुसतो, म्हणून मग पिनियन सरळ शाफ्टच्या रोखाने वळवता येते. मला तो दोन कारणांनी नको होता. माझा शाफ्ट जेमतेम ६५ सेंटिमीटर लांब, त्यात हा लांबोडका सांधा बसवला की स्लिपला जागा उरत नाही. शिवाय पिनियनचे नाक पंधरा अंश वर केले की हौसिंगमधले तेल पुढच्या बेअरिंगपर्यंत नीट पोहोचत नाही. नागपूरच्या मे महिन्यात, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात, ते बेअरिंग कोरडे ठेवण्याची माझी तयारी नव्हती.

खरा दोष उंचीत होता. ६५ सेंटिमीटरच्या शाफ्टचे एक टोक १० सेंटिमीटर उचलले की कोन जवळपास ९ अंशांनी वाढतो. तोच शाफ्ट १३० सेंटिमीटरचा असता तर साडेचारच अंश वाढले असते. लांब ट्रकला जे चालते ते आखूड जिप्सीला चालत नाही. म्हणून मी उंचीतला काही भाग परत देण्याचे ठरवले. मनाला लागले, पण नाल्यातल्या दगडांसाठी पाच इंचांची गरजही नव्हती. पाटेवाल्याकडून पाट्यांची कमान उतरवून घेतली, गाडी ५ सेंटिमीटर खाली बसली. ट्रान्स्फर केस जिप्सीमध्ये गिअरबॉक्सपासून सुटी असते आणि रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. तिच्या माउंटिंगखाली लोखंडी गुटके घालून ती खाली घेतली.

इथे मी पहिली चूक केली. गुटके ३ सेंटिमीटरचे केले. मागच्या शाफ्टचा कोन छान उतरला, पण गाडी पन्नासच्या पुढे गेली की पायाखाली घुमू लागली. गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फर केस यांच्यामध्ये जिप्सीला एक तिसरा, आखूड शाफ्ट असतो, हे मी विसरलो होतो. तो फूटभरही लांब नसेल, आणि हाय रेंजमध्येही, म्हणजे नेहमीच्या रस्त्यावरच्या जोडीतही, तो मागच्या शाफ्टच्या १.४ पट वेगाने फिरतो. केस ३ सेंटिमीटर खाली गेली तेव्हा त्याच्या कोनात सहा अंशांच्या जवळ भर पडली होती. गुटके कमी करून २ सेंटिमीटरवर आणले, भर चार अंशांच्या आत आली आणि घुमणे थांबले.

पिनियनचे नाक खाली आणण्यासाठी पाटा आणि बैठक यांच्यामध्ये घालायची पाचर पुरेशी नव्हती, सात अंशांची पाचर घालणे धोक्याचे. म्हणून जुन्या बैठका कापून काढल्या, हौसिंगवर नव्या बैठका फक्त टाके मारून धरल्या, गाडी चाकांवर उतरवली, मापले, पुन्हा उचलली आणि मगच पक्के वेल्डिंग केले. तेही सलग नव्हे. एका बाजूला बोटभर, मग दुसऱ्या बाजूला बोटभर, मध्ये थंड होऊ देत. हौसिंग एकदम तापले तर ते वाकते आणि मग एक्सलचे बेअरिंग खाते.

मला पिनियन समांतरपेक्षा एक अंश खाली हवे होते. पाट्यावरच्या गाडीत जोर दिला की एक्सल पाट्यांना पिळतो आणि पिनियनचे नाक आपोआप वर चढते. उभ्या गाडीत तेवढी सूट आधीच द्यावी लागते. एवढी काळजी घेऊनही वेल्डिंग थंड झाल्यावर नाक २ अंश वर आले. ते शून्यावर आणण्यासाठी दोन अंशांच्या पोलादी पाचरी कापून घेतल्या. ॲल्युमिनियमच्या पाचरी स्वस्त मिळतात, पण त्या चिरडतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये. पाचरी बसवल्या, मापले, तर नाक ४ अंशांवर! जाड टोक मागे घातले गेले होते. पाटा एक्सलच्या वर असेल आणि मागच्या पिनियनचे नाक खाली आणायचे असेल तर जाड टोक पुढे येते, पाटा खाली असेल तर मागे. आम्ही जुन्या, पाटा खाली असलेल्या गाडीच्या सवयीने ती घातली होती. फिरवून घातल्यावर काटा शून्यावर आला. पाटा एक्सलला आवळणारे यू-बोल्ट सगळे नवे घेतले आणि शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळले.

शेवटचे आकडे: शाफ्ट साडेदहा अंश, पुढच्या क्रॉसवर साडेनऊ, मागच्यावर साडेदहा, आणि जोर दिला की दोन्ही जवळपास सारखे. हमरस्त्यावरच्या गाडीत हा कोन तीन अंशांच्या आत ठेवावा असा संकेत आहे. उंच केलेल्या आखूड गाडीत तो गाठता येत नाही. तो गाठायचाच असेल तर गाडी उंच करू नये.

राहिला प्रश्न आपटणाऱ्या कानांचा. गाडीचे चेसिस उचलून मागचा एक्सल पूर्ण लोंबू दिला आणि शाफ्ट हाताने सावकाश फिरवत योकच्या फटीत वेल्डिंगची काडी घालून पाहिली. पूर्वीच्या उंचीला हिशेबाने सांध्यावर पंचवीस अंश येत होते, तिथेच कान भिडत असणार. आता एकोणीस येत होते आणि फटीत काडी सहज फिरत होती. तरीही शॉक ॲब्सॉर्बर जुन्या उंचीच्या हिशेबाने लांब घेतलेले होते, म्हणून एक्सल आणि चेसिस यांच्यामध्ये नायलॉनचे पट्टे बांधून लोंबण्याला मर्यादा घातली. त्याच स्थितीत स्लिप जॉइंट किती बाहेर येतो तेही पाहिले. उंचीमुळे शाफ्ट आत कमी शिरत होता, म्हणून पिनियनच्या फ्लँजवर पोलादी चकती घालून ती कमतरता भरून काढली. मग एक्सल पूर्ण वर दाबून शाफ्ट आत टेकत नाही याचीही खात्री केली. ही दुसरी तपासणी अनेक जण करत नाहीत. स्लिप आत टेकला तर शाफ्ट थेट ट्रान्स्फर केसच्या बेअरिंगवर घण मारतो.

नवा शाफ्ट वाडीच्या त्याच कारागिरांनी मूळ मापाच्या नळीचा बनवला. लेथवर धरून डायल गेज लावला, नळीचे डोलणे अर्ध्या मिलिमीटरच्या आत आले तेव्हाच बॅलन्सिंगला घेतला. शाफ्टच्या पुढच्या टोकाखाली मी जाड पट्टीची कडी लावून घेतली आहे. नाल्यात शाफ्ट जमिनीवर पडला तेव्हा माझा वेग चालण्याइतका होता. अमरावती रोडवर सत्तरच्या वेगाला तेच टोक सुटून डांबरात रुतले असते तर काय झाले असते, याचा विचार मी अनेक रात्री केला आहे.

पहिल्या फेरीला कारागीर स्वतः शेजारी बसले. वाडीहून गोंडखैरीपर्यंत ते एक शब्द बोलले नाहीत, फक्त तळहात सीटखालच्या पत्र्यावर टेकवून बसले होते. बाजारगाव मागे टाकल्यावर त्यांनी हात उचलला आणि म्हणाले, "आता चालवा. पण ग्रीसचं विसरू नका." पंचावन्न ते साठ या टप्प्यात अगदी बारीक गुणगुण अजून आहे, साडेदहा अंशांची ती किंमत आहे आणि ती मला मान्य आहे.

ग्रीस मी दर महिन्याला आणि नाल्यातून पाण्यात उतरल्यास त्याच दिवशी भरतो. चारही टोप्यांतून नवे ग्रीस बाहेर दिसेपर्यंत. जुने क्रॉस उघडले तेव्हा त्यांच्या दोन बाहूंवर सुयांच्या आकाराचे खोल चर पडलेले होते आणि टोपीत ग्रीसऐवजी विटकरी रंगाची कोरडी भुकटी होती. या वर्षी दिवाळीनंतर, दहा हजार किलोमीटर झाल्यावर, नव्या शाफ्टचा एक क्रॉस मुद्दाम उघडून पाहिला. सर्क्लिप काढली, टोपी अलगद निघाली, सुया सगळ्या जागेवर, बाहूवर बोट फिरवले तर एकही चर लागला नाही. फडक्याने पुसला, नवे ग्रीस भरले, खडूची रेघ जुळवली आणि शाफ्ट परत बसवला.